काळ्या जमिनींतील क्षारांची ये-जा

भारी काळ्या जमिनीच्या मालकास दोन अनुभव वारंवार येतात, आणि ते एकमेकांच्या अगदीं उलट दिसतात. खत टाकून पाण्याची एक जड पाळी दिली कीं खताचा पुष्कळ अंश मुळांस लागण्यापूर्वींच खालीं निघून जातो आणि पीक पिवळें पडतें, हा एक अनुभव. दुसरा असा कीं, ओढ्याकडेच्या सखल तुकड्यांत एकदां पांढरा थर दिसूं लागला म्हणजे त्यावर पाण्यामागून पाणी सोडलें तरी क्षार हटत नाहीं. उलट जमीन अधिकच घट्ट व निर्जीव होते. माती एकच, पाणी एकच. मग हवें तें निघून जावें आणि नको तें चिकटून राहावें, याचें कारण काय? पुष्कळ बांधव हा दोष दैवाकडे किंवा कालव्याकडे लावून मोकळे होतात. आमच्या मतें याचें उत्तर मातीच्या स्वभावांत आहे. तो स्वभाव नीट समजला म्हणजे कोणता उपाय आधीं आणि कोणता मागाहून करावयाचा हेंही समजतें. हा क्रम चुकला तर पैसा, पाणी आणि जमीन हीं तिन्ही जातात. म्हणून हा विषय थोड्या विस्तारानें वाचकांपुढें मांडीत आहों.

मातीच्या कणाचें अंग

काळ्या मातींत अत्यंत सूक्ष्म अशा चिकण कणांचा भरणा फार असतो. हे कण पातळ पापुद्र्यांचे असून, पापुद्र्यांच्या मध्यें पाणी शिरलें कीं ते फुगतात व पाणी गेलें कीं आकसतात. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेल्या मातींत चिकणमातीची जी जात प्रधान असते, तिला शास्त्रांत स्मेक्टाइट म्हणतात. या जातीच्या एक ग्रॅम शुद्ध मातीचे सर्व पापुद्रे सुटे करून पसरले, तर त्यांचें क्षेत्र सुमारें ७०० ते ८०० चौरस मीटर भरतें. गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां चिमूटभर मातीच्या पोटांत सात गुंठे रान दडलेलें आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या सर्व अंगावर ऋण विद्युत्-भार असतो. पाण्यांत विरघळलेल्या द्रव्यांपैकीं ज्यांचा भार धन असतो, तीं द्रव्यें या अंगास येऊन चिकटतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम आणि सोडियम हीं त्यांतील प्रमुख होत. ज्यांचा भार ऋण असतो तीं नायट्रेट, क्लोराइड व सल्फेट हीं द्रव्यें कणास चिकटत नाहींत. पाणी जिकडे जाईल तिकडे त्याच्याबरोबर जातात. स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. चुनखडीच्या जमिनींत तो चुन्याशीं संयोग पावून जागच्या जागीं बसतो, आणि जेथें टाकला तेथून फार थोडा हलतो. म्हणून स्फुरदाचें खत मुळांच्या जवळ पेरून द्यावें, वर फेकूं नये, हा जो सल्ला नेहमीं देण्यांत येतो तो याच कारणानें.

मात्र कणास चिकटलेलें द्रव्य तेथें कायमचें बंदिस्त होतें असें नव्हे. तेथें अदलाबदल चालूं असते. नवीन द्रव्य पाण्याबरोबर पुष्कळ प्रमाणांत आलें, तर तें जुन्यास उठवून त्याची जागा घेतें, आणि उठलेलें द्रव्य पाण्यांत उतरतें. ही अदलाबदल लक्षांत ठेविली तर पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

एका जमीनदाराचा प्रयोग

हा नियम ज्यानें प्रथम प्रयोगानें दाखविला तो रसायनशास्त्री नव्हता, शेती करणारा जमीनदार होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याच्या एच. एस. टॉमसन या गृहस्थास शेणखताच्या ढिगांतून पावसाबरोबर अमोनिया वाहून जातो, तो माती किती धरून ठेवते, हें पाहावयाचें होतें. त्यानें नळ्यांत माती भरली, तींत अमोनियम सल्फेट मिसळलें, वरून पाणी ओतलें आणि खालून जें पाणी निघालें तें तपासविलें. त्यांत अमोनियम सल्फेट फार थोडें होतें. त्याऐवजीं बाहेर आलें होतें जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीनें अमोनियम ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यांत कॅल्शियम दिला. सल्फेट मात्र न अडतां पाण्याबरोबर खालीं गेलें. १८५० सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं जे. टॉमस वे या रसायनशास्त्र्यानें पुष्कळ प्रयोग करून दाखविलें कीं, ही शक्ति मुख्यतः मातींतील चिकण अंशाची आहे.

यावरून कोणाची अशी समजूत होईल कीं, चिकण जमिनींत नत्र सुरक्षित राहतें. ही समजूत पुरती खरी नाहीं. जमिनींतील सूक्ष्म जंतु अमोनियमचें कांहीं दिवसांत नायट्रेट करितात, आणि नायट्रेटास माती धरीत नाहीं. इंग्लंडांतच रॉथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ पासून गव्हाचें जें शेत चालविलें, त्याखालीं १८४९ सालीं निचऱ्याचे नळ घातले होते. त्या नळांच्या पाण्याचें पृथक्करण केलें तेव्हां असें दिसून आलें कीं, अमोनियमचें खत जितकें अधिक द्यावें तितकें नळांच्या पाण्यांत नायट्रेट अधिक उतरतें. पालाश व स्फुरद मात्र फार थोडे उतरतात.

युरियाविषयीं येथेंच दोन शब्द सांगितले पाहिजेत. युरियास कोणताच भार नसल्यामुळें तो विरघळतांच पाण्याबरोबर चालूं लागतो. जमिनींत दोन-चार दिवसांत त्याचा अमोनियम होतो, मग माती त्यास धरते. पुढें त्याचें नायट्रेट झालें म्हणजे पुन्हां सुटतो. म्हणून युरिया टाकल्याबरोबर जड पाणी देणें हें खत खालीं लोटण्यासारखें आहे. तसाच तो चुनखडीच्या जमिनीवर उघडा पडूं देणें हेंही नुकसानीचें, कारण तेथें त्याचा अमोनिया वायुरूपानें उडून जातो. वाफशावर खत द्यावें, मातीआड करावें, पाणी बेताचें द्यावें, आणि एकाच वेळीं सर्व हप्ता न देतां तीन-चार वेळां विभागून द्यावा, हें उत्तम.

भेगांची वाट आणि ढेकळाचें पोट

आतां पाण्याच्या वाटेकडे वळूं. काळ्या जमिनींत पाण्यास दोन वाटा असतात. उन्हाळ्यांत या जमिनीस मनगट शिरेल अशा भेगा पडतात, हें आपण सर्वजण पाहतों. पहिलें पाणी या भेगांतून धावत खालीं जातें. दोन भेगांच्या मधील ढेकूळ आंतून कोरडेंच राहतें. पुढें माती फुगून भेगा मिटल्या कीं ही वाट बंद होते, आणि भिजून फुगलेल्या मातींतून पाणी दिवसाकांठीं कांहीं मिलिमीटर, कित्येकदां त्याहूनही कमी उतरतें.

या दोन वाटांची नोंदही रॉथॅमस्टेड येथेंच प्रथम झाली. तेथें १८७० सालीं मातीचे न हलविलेले ठोकळे विटांनीं बांधून घेऊन, २०, ४० व ६० इंच खोलीवर झिरपणारें पाणी मोजण्याची व्यवस्था करण्यांत आली. लॉज, गिल्बर्ट व वॉरिंग्टन यांनीं १८८२ सालीं लिहिलें कीं, नळांतून येणारें पाणी दोन प्रकारचें असतें: एक, उघड्या वाटांनीं त्वरेनें आलेलें व वाटेंतील मातीशीं फारशी देवघेव न केलेलें, दुसरें, मातीच्या सर्वांगांतून सावकाश उतरलेलें व तिच्यांतील विद्राव्य द्रव्यें घेऊन आलेलें.

आमच्या आरंभींच्या कोड्याचा अर्धा उलगडा येथें होतो. खत पृष्ठभागावर असतें, म्हणून भेगांतून धावणारें पाणी त्यास घेऊन जातें. जुना क्षार ढेकळाच्या पोटांत असतो, म्हणून तेंच पाणी त्याच्या बाजूनें निघून जातें आणि क्षारास शिवतही नाहीं. ढेकळाच्या आंतील क्षार बाहेर येण्यास एकच मार्ग असतो: ओल्या मातींतून जास्त क्षाराकडून कमी क्षाराकडे हळूहळू पसरत येणें. ही चाल फार मंद असते. नायट्रेट व क्लोराइड यांसारखीं मोकळीं द्रव्यें दिवसाकांठीं कांहीं मिलिमीटर सरकतात, पालाश त्याहून कमी, आणि स्फुरद तर मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकाच. तेव्हां क्षार धुवावयाचा असेल तर पाण्याइतकीच वेळेचीही आवश्यकता असते. चार दिवस सारखें पाणी वाहूं देण्यापेक्षां वाफा भरावा, पाणी मुरूं द्यावें, कांहीं दिवस थांबावें आणि मग पुन्हां भरावा. म्हणजे मधल्या काळांत क्षार ढेकळांतून भेगांकडे येतो आणि पुढील पाणी त्यास नेतें. तितक्याच पाण्यांत अशा रीतीनें अधिक क्षार निघतो.

क्षार वर कसा येतो

आतांपर्यंत खालीं जाण्याचा विचार झाला. नाश करणारी चाल वरच्या दिशेची आहे. जमिनीखालचें पाणी पांच-सहा फुटांच्या वर आलें, म्हणजे तें मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें, पृष्ठभागाकडे चढूं लागतें. ऊन पाणी उडवून नेतें. क्षार तेथेंच राहतो. उन्हाळ्यांत दिसणारा पांढरा थर तो हाच.

हा क्षार येतो कोठून, याचा हिशोब प्रत्येकानें एकदां करून पाहावा. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १,०२,८०० लिटर. उसास वर्षांत ८० इंच पाणी दिलें, आणि त्या पाण्यांत दर लिटरास ३०० मिलिग्रॅम क्षार धरला, तर एका वर्षांत एकरीं सुमारें २,४६० किलो क्षार शेतांत येतो. पन्नास किलोचीं जवळजवळ ४९ पोतीं! असें पाणी तोंडास गोड लागतें, व पाटास लावण्यास निर्दोष समजलें जातें. विहिरीच्या मचूळ पाण्यांत हें प्रमाण कित्येक पटींनीं वाढतें. पीक यांतील थोडाच भाग उचलतें. उरलेला क्षार एक तर निचऱ्यानें बाहेर गेला पाहिजे, नाहीं तर मातींत सांठला पाहिजे. तिसरी वाट नाहीं.

दख्खनच्या कालव्यांवर हें फार पूर्वीं प्रत्ययास आलें. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला व १८८५ च्या सुमारास पाणी सुटलें. एक पिढी लोटते न लोटते तोंच खोऱ्यांतील जमिनी खारावल्या, आणि डॉ. हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनीं १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. आज तीच स्थिति कृष्णाकांठच्या उंसाच्या पट्ट्यांत, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत, ठिकठिकाणीं दिसते. आपल्याकडे वर काळी माती, खालीं मुरूम व त्याखालीं कठीण खडक अशी रचना असते. वरच्या अंगाच्या शेतांत दिलेलें जादा पाणी व कालव्याची झिरपण मुरमांत उतरते, मुरमामधून उताराकडे सरकते, आणि सखल भागांत जाऊन वर उसळते. म्हणजे पाणी एकाचें आणि क्षार दुसऱ्याच्या शेतांत, असा प्रकार होतो.

सोडियमचें राज्य

खारवट जमीन आणि चोपण जमीन हीं एकच नव्हेत, आणि हा भेद न कळल्यानें सर्वांत मोठी चूक होते. खारवट जमिनींत विद्राव्य क्षार पुष्कळ असतात, पण माती भुसभुशीत राहते. अमेरिकेंतील क्षारभूमि प्रयोगशाळेनें १९५४ सालीं घालून दिलेली मर्यादा अशी कीं, संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत्-वाहकता ४ डेसिसीमेन प्रति मीटर याहून अधिक असेल तर जमीन खारवट समजावी. आणि कणांस चिकटलेल्या एकंदर धन द्रव्यांत सोडियमचा हिस्सा शेंकडा १५ हून अधिक असेल तर चोपण समजावी. चोपण जमिनीचा सामू बहुधा ८·५ च्या वर असतो. फुगणाऱ्या काळ्या मातींत याहून कमी सोडियमनेंही त्रास सुरू होतो.

पाणी आटतां आटतां त्यांतील कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो आणि सोडियम मागें उरतो. मग तो कणांवरील कॅल्शियमच्या जागा घेऊं लागतो. कॅल्शियम असेपर्यंत कण एकमेकांस धरून गुठळ्या करितात व पाण्यास वाट राहते. सोडियम आला कीं कण एकमेकांपासून दूर होतात, गढूळ होऊन सुटतात व सर्व सूक्ष्म वाटा बुजवितात. यांत एक फसगत आहे. पाण्यांत क्षार भरपूर असेपर्यंत सोडियमयुक्त मातीही सुटत नाहीं; पण तिच्यावर पावसाचें किंवा कालव्याचें गोडें पाणी सोडून वरचा क्षार धुतला, कीं उरलेली सोडियमयुक्त माती एकदम फुगून दगडासारखी बंद होते. ज्या शेतकऱ्यानें कष्ट करून पाणी दिलें, त्याच्याच हातून खारवट जमिनीची चोपण होते. आरंभीं सांगितलेल्या कोड्याचा दुसरा अर्धा उलगडा तो हा.

याची परीक्षा घरीं करितां येते. कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पावसाचें पाणी घ्यावें, त्यांत वाळलेलें लहान ढेकूळ हलकेंच सोडावें, आणि न ढवळतां एक दिवस ठेवावें. ढेकूळ नुसतें विरघळून पडलें व पाणी निवळ राहिलें तर भीति थोडी. त्याच्याभोंवतीं दुधासारखा गढूळपणा पसरून टिकला, तर सोडियम बळावला आहे असें समजावें, आणि माती तपासणीसाठीं अवश्य पाठवावी. या परीक्षेस विहिरीचें खारें पाणी घेऊं नये. त्यानें दोष झांकला जातो.

उपायांचा क्रम

पहिला उपाय निचरा. खालचें पाणी खालीं ठेविल्याशिवाय दुसरा कोणताही उपाय टिकत नाहीं. चर मुरमांत पोहोंचला तरच लांबवरचें पाणी ओढतो. नुसत्या काळ्या मातींत खोदलेला उथळ चर दोन्ही बाजूंची हातभर ओल काढतो, अधिक कांहीं नाहीं. कालव्यांच्या जमिनींसाठीं इंजिनियर सी. सी. इंग्लिस यांनीं खोल चरांवर जो भर दिला, त्याचें मर्म हेंच होतें. अलीकडे छिद्रें असलेल्या प्लास्टिकच्या नळ्या जमिनींत पुरून निचरा करितात. त्यानें चरांत जाणारी जमीन वांचते. दोन नळ्यांमधील अंतर व खोली मात्र माती व उतार तपासूनच ठरवावी, शेजाऱ्याचें पाहून ठरवूं नये.

दुसरा उपाय जिप्सम, आणि तो चोपण असेल तरच. टॉमसनच्या नळींतून जिप्सम बाहेर आलें. आपणांस तें आंत घालावयाचें आहे. त्यांतील कॅल्शियम सोडियमला उठवून त्याची जागा घेतो, व उठलेला सोडियम सल्फेटाबरोबर पाण्यांत उतरतो. मात्रा माती-परीक्षेवरून ठरवावी. जमिनींत चुनखडी असेल तर गंधकानेंही काम होतें, आणि धैंच्यासारखें हिरवळीचें खत गाडल्यानें त्यांतून निघणारा वायु चुनखडीचा कॅल्शियम मोकळा करितो. नुसती खारवट, सोडियम न बळावलेली जमीन असेल तर जिप्समावर पैसा खर्चूं नये.

तिसरा उपाय धुणें. बांध नीट घालून पावसाचें पाणी अडवावें व मुरवावें, हें सर्वांत स्वस्त. पाटाचें पाणी द्यावयाचें तर वर सांगितल्याप्रमाणें थांबून थांबून द्यावें. उलट क्रमानें, म्हणजे निचऱ्यावांचून धुतलें, तर खालची पातळी वर येते. जिप्समावांचून धुतलें, तर चोपण वाढते.

ज्यांच्या जमिनी अद्याप चांगल्या आहेत त्यांनीं एक गोष्ट करावी. शेताच्या सखल कोपऱ्यांत सहा-सात फुटांचें भोंक पाडून त्यांत छिद्रें पाडलेली नळी उभी करावी, आणि दर महिन्यास काठीनें पाण्याची खोली मोजून वहींत लिहावी. पाणी दरवर्षीं थोडथोडें वर येत असेल, तर पांढरा थर दिसण्याच्या कित्येक वर्षें आधीं सूचना मिळते. थर दिसल्यावर जो खर्च येतो, त्याच्या मानानें ही नळी फुकट आहे.

शेवटीं एक विनंति. निचऱ्याचें पाणी कोठें तरी सोडावें लागतें, आणि तें वाटेंतील अनेकांच्या शेतांतून ओढ्यास जातें. एकट्यानें आपल्या बांधाच्या आंत चर खोदून ही गोष्ट साधत नाहीं. पाणलोटांतील सर्वांनीं मिळून मुख्य चर काढावा, त्याचा खर्च वांटून घ्यावा आणि तो दरवर्षीं साफ करावा. वरच्या शेतकऱ्यानेंही हा खर्च आपला नव्हे असें म्हणूं नये, कारण खालीं उसळणारें पाणी त्याच्याच पाटांतून गेलेलें असतें. पाणी वांटून घेण्यासाठीं आपण एकत्र बसतों. निचऱ्याचा विचार करण्यासाठींही या उन्हाळ्यांत गांवोगांव एक बैठक व्हावी, आणि पाऊस पडण्यापूर्वीं निदान एका ओढ्याकांठचें काम ठरावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.